माल्टातली भ्रष्टाचारविरोधी नागरिक चळवळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्टाबद्दल काही लिहिलं की तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून एकदाच सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. लांबलचक आहे. ज्याला जेवढं हवं तेवढं वाचा, पण मॅजिस्ट्रेट चौकशीचा भाग मात्र वगळू नका, खरी गोम तिथेच आहे.

माल्टा नक्की कुठे आहे, आणि एवढ्याशा देशाकडे आपण का बघायचं?

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या खाली. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या आसपास होती. २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे.

बघायचं यासाठी की इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मंत्री तुमच्या मावशीच्या शेजारी राहतो, पोलीस अधिकारी तुमच्या वर्गातला असतो, न्यायाधीश कुणाच्या तरी लग्नात भेटतात. अशा ठिकाणी भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणं म्हणजे रोज समोर दिसणाऱ्या माणसाशी वैर घेणं, मुंबईच्या गर्दीत मोर्चा काढून लोकलने घरी जाण्यासारखं ते नाही. आणि तरीही तिथल्या साध्या लोकांनी, त्यात बायका पुढे होत्या, एका पंतप्रधानाला राजीनामा द्यायला लावला. हे कसं झालं ते कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं सुरू कुठून झालं?

तक्रारी जुन्याच होत्या, पण भडका उडाला २०१६ मध्ये, पनामा पेपर्समुळे (पनामातल्या एका वकिली फर्मची फुटलेली गुप्त कागदपत्रं). मजूर पक्षाचं सरकार २०१३ मध्ये आलं, पंतप्रधान जोसेफ मस्कट. पनामा पेपर्समधून कळलं की त्यांचे ऊर्जामंत्री कोनराड मिझी आणि पंतप्रधानांच्या ऑफिसचे प्रमुख कीथ स्केम्ब्री या दोघांच्या पनामात कंपन्या आहेत, आणि त्या सरकार आल्यावर लगेच उघडलेल्या. दुसऱ्या कुठल्याही युरोपीय देशात दोघं आठवड्याभरात घरी गेले असते. इथे दोघंही सरकारातच राहिले, मिझींचं फक्त खातं बदललं.

पुढे दुबईतल्या '१७ ब्लॅक' नावाच्या कंपनीचं नाव आलं. या पनामाच्या कंपन्यांना पैसे तिथून यायचे होते असं कागदात दिसत होतं. ती कंपनी कुणाची हे बाहेर यायला २०१८ चा नोव्हेंबर उजाडला: योर्गन फेनेक, म्हणजे नवीन गॅस वीजप्रकल्पातला एक भागीदार उद्योजक.

डॅफ्ने कारुआना गालिझिया कोण होत्या?

पत्रकार. वर्तमानपत्रात कॉलम लिहायच्या आणि स्वतःचा ब्लॉग चालवायच्या, आणि तो ब्लॉग तिथले मोठमोठे पेपर वाचतात त्यापेक्षा जास्त लोक वाचायचे. पनामाच्या कंपन्यांचं सगळ्यात आधी त्यांनीच लिहिलं. १६ ऑक्टोबर २०१७ ला दुपारी बिदनिया गावातल्या घरातून त्या निघाल्या आणि थोड्या अंतरावर गाडीतल्या बॉम्बने त्यांचा जीव घेतला. निघण्याआधी अर्धा तास त्यांनी लिहिलं होतं की जिकडे बघावं तिकडे लबाड लोक आहेत, परिस्थिती हताश करणारी आहे.

खुनाच्या आधी बरीच वर्षं त्यांचा छळ चालू होता, हे लोक विसरतात. घराला आग लावली, पाळलेला कुत्रा मारला. मेल्या तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून जास्त दावे होते, आणि कायदा असा की दावे वारसांकडे जातात, म्हणजे नवरा आणि मुलं दुःख करायचं सोडून कोर्टाच्या चकरा मारत होते. २०१७ च्या फेब्रुवारीत एका मंत्र्याच्या दाव्यात तर त्यांची बँक खाती ४७ हजार युरोंपर्यंत गोठवली होती, तेव्हा वाचकांनी वर्गणी काढून तेवढे पैसे बघता बघता उभे केले. माझ्या मते नागरिक चळवळीची पहिली खूण तीच, खुनाच्या आधीची.

त्यांनी लिहिलेलं सगळंच खरं निघालं का?

नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. एग्रँट नावाची तिसरी पनामा कंपनी पंतप्रधानांच्या पत्नीची आहे असं त्यांनी लिहिलं होतं. मॅजिस्ट्रेटची चौकशी झाली आणि २०१८ च्या जुलैत निष्कर्ष आला की याला पुरावा नाही. सरकारी बाजू हा एक मुद्दा आजही पुढे करते. पण बाकीचं जे लिहिलं त्यातलं खूप काही नंतर कागदोपत्री समोर आलं, त्यामुळे एग्रँट दाखवून सगळंच उडवून लावता येत नाही.

लोक रस्त्यावर कधी आले? कुठल्या संघटना आहेत?

खुनानंतर लगेच. सिव्हिल सोसायटी नेटवर्कने मोठी सभा घेतली, आणि काही बायकांनी पंतप्रधानांच्या ऑफिससमोर, कॅस्टिल म्हणतात त्या इमारतीपुढे, तंबू ठोकले. त्यांचं नाव पडलं ऑक्युपाय जस्टिस. मागणी साधी होती, पोलीस आयुक्त आणि ॲटर्नी जनरल यांनी पद सोडावं. आई, शिक्षिका, नोकरी करणाऱ्या बायका, राजकारणात कधी नसलेल्या. त्यांना काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहवत नाही.

नंतर रिपब्लिका नावाची संस्था उभी राहिली, ती जास्त कायदेशीर अंगाने काम करते, म्हणजे कोर्टात अर्ज, न्यायाधीशांच्या नेमणुकीवर केस वगैरे. ती नेमणुकीची केस थेट युरोपियन युनियनच्या कोर्टात गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. माल्टाची पद्धत त्या कोर्टाने रद्द केली नाही, पण एक फार मोलाचं तत्त्व सांगितलं: सदस्य देशाला कायद्याच्या राज्याच्या बाबतीत मागे जाता येणार नाही. हंगेरी-पोलंडमध्ये सरकारं न्यायव्यवस्था ताब्यात घेतायत म्हणून वाद चालू असताना हे तत्त्व एका छोट्या बेटावरच्या स्वयंसेवी संस्थेमुळे आलं. शिवाय डॅफ्ने यांच्या नावाचं कुटुंबाने सुरू केलेलं फाउंडेशन आहे, त्यात मुलगे आणि बहिणी झटतायत.

फुलं आणि मेणबत्त्यांवरून भांडण झालं होतं म्हणे, ते काय?

राजधानी वॅलेटामध्ये कोर्टाच्या इमारतीसमोर ग्रेट सीजचं, म्हणजे १५६५ च्या तुर्की वेढ्याचं, स्मारक आहे. खुनानंतर लोक त्याच्या पायाशी डॅफ्ने यांचा फोटो, फुलं, मेणबत्त्या ठेवायला लागले. सरकारी सफाई कामगार येऊन ते उचलून न्यायचे. लोक परत ठेवायचे. परत उचलायचे. हे महिनोनमहिने रोज चाललं, खरंच रोज, मधे तर डागडुजीच्या नावाखाली स्मारकाभोवती फळ्याच ठोकल्या, तर लोकांनी फळ्यांपुढे फुलं ठेवली.

शेवटी मॅन्युएल डेलिया या कार्यकर्त्याने कोर्टात धाव घेतली आणि ३० जानेवारी २०२० ला निकाल आला की तेव्हाचे न्यायमंत्री ओवेन बोनिची यांनी त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग केला. न्यायमंत्र्यानेच मूलभूत हक्क मोडला असं कोर्ट म्हणतंय. दर महिन्याच्या १६ तारखेला तिथे लोक जमतात. कधी शेकडो, कधी मोजकेच. फुलं ठेवून काय होतं असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं हेच की या रोजच्या फुलांमुळेच केस लोकांच्या डोळ्यासमोर राहिली, नाहीतर अख्खं प्रकरण दोन वर्षांत थंड झालं असतं.

२०१९ मध्ये पंतप्रधान पडले कसे?

२०१७ च्या डिसेंबरमध्ये बॉम्ब ठेवणारे तिघे पकडले होते, पण सुपारी कुणाची ते गुलदस्त्यात होतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मेल्विन थेउमा नावाचा मध्यस्थ माफीच्या बदल्यात बोलायला तयार झाला आणि २० नोव्हेंबरला पहाटे योर्गन फेनेक यांना त्यांच्याच यॉटवर अटक झाली. हो, तेच १७ ब्लॅकवाले. २६ तारखेला स्केम्ब्री आणि मिझी यांनी राजीनामे दिले.

मग वॅलेटाच्या रस्त्यांवर रोज संध्याकाळी गर्दी. 'माफिया' आणि 'जुस्टित्सिया' (म्हणजे न्याय) च्या घोषणा, अंडी, शिट्ट्या. एका रात्री मंत्रिमंडळाची बैठक पहाटेपर्यंत चालली आणि त्यानंतर पत्रकारांना कॅस्टिलमधल्या एका खोलीत काही वेळ कोंडून ठेवलं, ते व्हिडिओ जगभर गेले. १ डिसेंबरला मस्कट यांनी जाहीर केलं की जानेवारीत पायउतार होतो. लोकांचं म्हणणं होतं आत्ता जा, कारण तोपर्यंत चौकशीवर त्यांचाच हात राहणार. ते काही झालं नाही. १३ जानेवारी २०२० ला रॉबर्ट अबेला पंतप्रधान झाले, पक्ष तोच.

खुनाच्या केसचं पुढे काय झालं?

बॉम्ब ठेवणाऱ्या तिघांपैकी व्हिन्सेंट मस्कट (पंतप्रधानांशी संबंध नाही, फक्त आडनाव सारखं) याने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला, १५ वर्षं. उरलेल्या दोघांनी, म्हणजे देजॉर्जो बंधूंनी, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये खटला सुरू झाला त्याच दिवशी कबूल केलं, प्रत्येकी ४० वर्षं. बॉम्ब पुरवणारे दोघं २०२५ च्या जूनमध्ये दोषी ठरले, जन्मठेप. फेनेक यांच्यावर कटाचा आरोप आहे, ते आरोप नाकारतात, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यांना जामीन मिळाला.

'सार्वजनिक चौकशी' आणि 'मॅजिस्ट्रेट चौकशी' यात फरक काय? माझा नेहमी गोंधळ होतो.

सगळ्यांचाच होतो. सार्वजनिक चौकशी म्हणजे आपल्याकडचा चौकशी आयोग समजा. सरकार नेमतं, जाहीर सुनावणी होते, शेवटी अहवाल. कुणाला शिक्षा होत नाही, पण शासन म्हणून चूक कुठे झाली ते सांगितलं जातं. डॅफ्ने यांच्या खुनाबद्दल अशी चौकशी करायला सरकार दोन वर्षं तयार नव्हतं. कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही, युरोप परिषदेत (ही मानवी हक्कांसाठीची संघटना, युरोपियन युनियनहून वेगळी) डच खासदार पीटर ओम्टझिख्ट यांनी अहवाल मांडला, आणि २०१९ च्या जूनमध्ये परिषदेने माल्टाला तीन महिन्यांची मुदत दिली तेव्हा कुठे गाडी हलली. २९ जुलै २०२१ ला ४३७ पानांचा अहवाल आला. त्यात शासनाने थेट खून केल्याचा पुरावा नाही असं म्हटलंय, पण काहीही केलं तरी चालतं, कुणाला शिक्षा होत नाही असं वातावरण वरच्या पातळीवरून तयार झालं आणि त्याची जबाबदारी शासनाची आहे, असं स्पष्ट लिहिलंय.

मॅजिस्ट्रेट चौकशी वेगळी. तिथे मॅजिस्ट्रेट गुन्ह्याचे पुरावे गोळा करून जपून ठेवतो, तज्ज्ञ नेमतो, कागद जप्त करायला लावतो, आणि शेवटी कुणावर आरोप ठेवावेत ते सांगतो. यातली कमाल गोष्ट म्हणजे कुठलाही साधा नागरिक थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊन अशी चौकशी मागू शकायचा. पोलिसांना विचारायची गरज नाही. जिथे पोलीस आयुक्त पंतप्रधानांच्या मर्जीने नेमला जायचा आणि पनामा पेपर्सनंतरही पोलीस ढिम्म बसले होते, तिथे नागरिकाच्या हातात हे एकच खरं हत्यार होतं. बाकी मोर्चे, फलक, सोशल मीडिया हे दबावासाठी ठीक, पण कागद जप्त होतात ते चौकशीनेच.

या हत्याराने खरंच काही मिळालं का?

हॉस्पिटलचं प्रकरण बघा. २०१५ मध्ये सरकारने तीन सरकारी हॉस्पिटलं, सेंट ल्यूक्स, कारिन ग्रेच आणि गोझो बेटावरचं जनरल हॉस्पिटल, एका खाजगी कंपनीला ३० वर्षांसाठी दिली. आरोग्यक्षेत्राचा अनुभव नाही अशी कंपनी. २०१८ मध्ये ते कंत्राट दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीकडे गेलं. सरकारी तिजोरीतून ४० कोटी युरोंच्या आसपास पैसे गेले आणि कबूल केलेली नवी हॉस्पिटलं उभी राहिली नाहीत.

दोन गोष्टी समांतर झाल्या. विरोधी पक्षनेते असताना एड्रियन डेलिया यांनी दिवाणी दावा लावला आणि २४ फेब्रुवारी २०२३ ला कोर्टाने तो अख्खा करार फसवणुकीच्या पायावर रद्द केला, अपिलातही तेच टिकलं. दुसरीकडे रिपब्लिकाने २०१९ मध्ये मॅजिस्ट्रेट चौकशी मागितली होती, ती २०२४ च्या एप्रिलमध्ये संपली आणि मे महिन्यात माजी पंतप्रधान मस्कट, मिझी, स्केम्ब्री आणि इतर बऱ्याच जणांवर आरोप दाखल झाले. सगळे आरोप नाकारतात, केस चालू आहे. निकाल काहीही लागो, पण एका स्वयंसेवी संस्थेच्या अर्जावरून माजी पंतप्रधान कोर्टात उभा राहिला, पोलिसांनी स्वतःहून हे केलं असतं यावर माझा विश्वास नाही.

मग आता ते हत्यार आहे ना?

बोथट केलंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये संसदेने कायदा बदलला, विधेयक क्रमांक १२५. आता नागरिकाला आधी पोलिसांकडे जावं लागतं, सहा महिने थांबावं लागतं, आणि मगच कोर्टाकडे जाता येतं, पुराव्याची अटही कडक केलीय. सरकार म्हणतं निरपराध लोकांना अर्ज करून छळलं जात होतं. पण सहा महिन्यात भ्रष्टाचाराचा कुठला कागद जागेवर राहतो हो? ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच सावध होणार. या सगळ्या वर्षांत चळवळीला बसलेला सगळ्यात मोठा फटका मी यालाच मानतो, आणि बाहेरच्या जगात याची बातमी जवळपास झालीच नाही याचं फार वाईट वाटतं.

एवढं होऊन तोच पक्ष निवडून कसा येतो?

२०२२ मध्ये मजूर पक्षाला ५५ टक्के मतं पडली, हे खरंय. कारणं बरीच. पैसा खेळता होता, विजेचे दर कमी, नोकऱ्या भरपूर. दोन्ही मोठ्या पक्षांची स्वतःची टीव्ही चॅनलं आहेत, घराघरात पक्ष वडिलांकडून मुलाकडे येतो. आणि विरोधी नॅशनलिस्ट पक्ष आपसातल्या भांडणात अडकलेला.

पण माझ्या मते खरं कारण म्हणजे मंत्र्याकडून काम करून घेण्याची सवय. २०२३ मध्ये टाइम्स ऑफ माल्टाने उघड केलं की शेकडो लोकांना खोट्या वैद्यकीय कागदांवर गंभीर अपंगत्वाचा भत्ता मिळत होता, आणि त्यात सत्ताधारी पक्षाच्या एका माजी खासदाराचं नाव आलं. त्याच वर्षी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मंत्र्यांच्या माणसांकडून शिफारशी जायच्या तेही बाहेर आलं, आणि लोकांना मदत करणं हे सरकारचं कामच आहे अशा अर्थाचं उत्तर पंतप्रधानांनी दिलं. ज्या घरात भत्ता येतो ते घर मोर्चात कसं येईल? चळवळीने वरच्या मोठ्या माशांवर जोर दिला, या खालच्या पातळीवर मात्र तिची पोच कमी पडली असं मला वाटतं. तरी २०२४ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत मजूर पक्षाची आघाडी साडेआठ हजारांच्या आत आली, दोन वर्षांपूर्वी ती ३९ हजार होती.

हे सगळे विरोधी पक्षाचेच लोक आहेत ना?

काही जण आहेत, लपवत नाहीत. सगळे नाहीत. जाँ पॉल सोफियाचं उदाहरण घ्या. वीस वर्षांचा मुलगा, ३ डिसेंबर २०२२ ला कोर्डिनमध्ये सरकारी जमिनीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून गेला. त्याची आई कुठल्या पक्षाची म्हणून नाही, आई म्हणून सार्वजनिक चौकशी मागत होती. १२ जुलै २०२३ ला संसदेत सत्ताधाऱ्यांनी ती मागणी मतदानाने फेटाळली, ती समोर प्रेक्षक गॅलरीत बसलेली असताना. देशभर इतका संताप उसळला की पाचच दिवसांत, वॅलेटातल्या सभेच्या दिवशीच, पंतप्रधानांनी शब्द फिरवला आणि चौकशी जाहीर केली. २०२४ च्या फेब्रुवारीत अहवाल आला, त्यात बांधकामावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणांचं अपयश नोंदवलंय. त्या सभेला मजूर पक्षाला मत देणारेही आले होते.

गोल्डन पासपोर्ट बंद झाले का?

२०१४ पासून माल्टा नागरिकत्व विकत होता, सुरुवातीला साडेसहा लाख युरो, शिवाय घर आणि बाँड वेगळे. २९ एप्रिल २०२५ ला युरोपियन कोर्टाने हे बेकायदा ठरवलं. डॅफ्ने यांनी यावर सुरुवातीपासून लिहिलं होतं.

पत्रकारांवरच्या दाव्यांचं काय?

इथे खरी प्रगती झालीय. २०१८ मध्ये माल्टाने फौजदारी बदनामी काढून टाकली, खाती गोठवण्याचा प्रकारही. आणि २०२४ मध्ये युरोपियन युनियनने तोंड बंद करण्यासाठी घातल्या जाणाऱ्या दाव्यांविरुद्ध कायदा केला, त्याला सगळे 'डॅफ्नेचा कायदा' म्हणतात.

आपल्यासारखा माहितीचा अधिकार आहे का तिथे?

कायदा २००८ चा आहे, पूर्ण लागू झाला २०१२ मध्ये. महाराष्ट्रात आपला स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्येच आला होता, त्यामुळे आपल्याला अर्ज टाकायची सवय त्यांच्यापेक्षा जुनी. तिथे अडचण अंमलबजावणीची. द शिफ्ट या छोट्या न्यूज पोर्टलने एका माध्यममालकाला सरकारी पैसे किती मिळाले ते विचारायला ४० अर्ज केले, आयुक्तांनी माहिती द्या म्हणून सांगितलं, तर सरकारी खात्यांनी चाळीसच्या चाळीस प्रकरणांत अपील केलं. चार-पाच माणसांच्या न्यूजरूमने चाळीस अपिलं लढायची. लढली त्यांनी, वर्गणीवर.

मी माल्टाला नोकरीसाठी जातोय. या आंदोलनात जाऊ का?

हा प्रश्न आता बराच येतो, कारण डिलिव्हरी, हॉटेल, नर्सिंग, बांधकाम यात भारतीय खूप आहेत. तुमचं सिंगल परमिट (काम आणि राहणं दोन्हीसाठीचा एकच परवाना) नोकरीशी जोडलेलं असतं, मालक नाराज झाला तर राहण्याचाच प्रश्न येतो, त्यामुळे घोषणा देत पुढे उभं राहण्याआधी स्वतःची परिस्थिती बघा. १६ तारखेच्या सभेला शांतपणे जाऊन उभं राहायला कुणाची हरकत नसते.

पण त्याआधी स्वतःचा कागद सांभाळा. एजंटने इथे किती घेतले, तिथे पगारातून किती कापतात, पावती मागा, करार हातात ठेवा, फोटो काढून घरी पाठवा. फसवणूक झाली तर तिथल्या कामगार संघटनेकडे जा, परदेशी कामगारांनाही सभासद होता येतं. बातम्या इंग्लिशमध्ये मिळतात, टाइम्स ऑफ माल्टा आणि द शिफ्ट वाचा. कोर्टाचं कामकाज मात्र सहसा माल्टीज भाषेत चालतं, तेव्हा वकील घेताना तो तुम्हाला प्रत्येक तारखेला काय झालं ते इंग्लिशमध्ये लिहून देईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.